किलोचा धडा पद्माबाईंचा होता

"एक जुन्या सहकारी गेल्या. वाईट वाटलं."

जगन्नाथ गुरुजी, गावाच्या ग्रुपवर एवढंच लिहिलं? नाव टाकायला बोट दुखलं का?

त्यांचं नाव पद्माबाई. काल सांगलीत गेल्या.

राम राम सगळ्यांना. मी शेवंता. दुसरीतनं शाळा सुटली माझी. नातीनं फोनवर लिहायला शिकवलंय. चुकलं तर तिला बोला.

साठ-पासष्ट सालाच्या मधली गोष्ट. आटपाडीकडं आमचं गाव. शाळा दोन खोल्यांची, शिकवणारी दोघंच. जगन्नाथ गुरुजी आमच्याच गावचे. पद्माबाई सांगलीकडच्या, जैनाच्या घरातल्या. बापाचं धान्याचं दुकान.

मी शाळा झाडायची, पाणी भरायची. गुरुजींच्या शब्दावर लागले होते. हे ध्यानात ठेवा, पुढं लागंल.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की दोघं पुढच्या आठवड्याचे धडे बसवायला बसायचे. डोकं बाईंचं, हात गुरुजींचा. गुरुजींनी मातीचा पेरू केला तर त्यावर माशी बसायची. अक्षर तर छापल्यागत.

बाईंचं अक्षर म्हंजे कोंबडी नाचून गेलेली.

म्हणून टाचणवही एकच. धडा कसा घ्यायचा ते सगळं त्या वहीत, गुरुजींच्या अक्षरात. वर नावबी गुरुजींचं.

"दोन वह्या कशाला?" बाई म्हणायच्या. "धडा एकच आहे ना."

लय शहाणी बाई. पण इथं चुकली.

आणि धडा बसला का न्हाई ते बघायला मी.

पहिल्यांदा बोलावलं तवा म्हटलं, "बाई, मला दुसरीच्या वरचं काय येत न्हाई."

"म्हणूनच. तुला कळलं तर पोरांना कळेल. झाडू ठेव आणि बस."

मला जांभई आली की धडा रद्द. लय धडे मी जांभईनं पाडले.

गुरुजी कावायचे. "ही झोपणार आणि आपण खोडायचं?"

"खोडायचं."

तवा शेर जाऊन किलो आला होता. पोरांचं सोडा, आमच्या बापालाबी कळंना. गुरुजींनी तक्ता रंगवला, बघत राहावा असा. शेराचे ग्रॅम किती, छटाकाचे किती. मला समजावून झालं आणि विचारलं, "सांग, शेर जड का किलो?"

"सारखंच की."

गुरुजींनी कपाळाला हात लावला. "ही नापास!"

बाईंनी तक्ता गुंडाळला. "शेवंता नाही, गुरुजी. धडा नापास."

मला तोवर असं कुणीच म्हटलं न्हवतं. घरात काय, शाळेत काय, काय बिघडलं की मीच नापास.

पुढच्या शनिवारी बाईंनी बापाच्या दुकानातनं दोन वजनं आणली. एक जुना शेर, एक नवा किलो.

"डोळे मीट. हात पुढं कर."

किलो जरासा जास्त खाली ओढत होता. जरासाच. पण हाताला कळलं.

मग गुरुजींना सुचलं. "ओढ्यात दगड पडलेत बाई. प्रत्येक पोराला त्याचा त्याचा किलो देऊ."

तागडीत घालून, छिन्नीनं कोपरे उडवून गुरुजींनी एकेक दगड किलोला आणला. आठ दिवस पोरं दगड वागवत होती. पुढं बाजारात पोरं हातावर वांगी तोलायची नि सांगायची, "मावशे, कमी दिलंय." माळवंवाल्या बाया शाळेच्या नावानं शिव्या द्यायच्या.

धडा असा होता. दोघांचा. पण मूळ बाईंचं.

मग साहेब आला, शाळा तपासायला. पोरांची वजनं बघून खूश झाला. टाचणवह्या मागितल्या. गुरुजींची भरलेली. बाईंची कोरी.

बाई म्हणाल्या, "साहेब, आम्ही दोघं मिळून एकच वही…"

साहेबानं गुरुजींकडं बघितलं.

गुरुजी वहीकडं बघत राहिले.

मी रांजणापाशी होते. साहेब माझ्याकडं वळला. "तू रोज इथंच असतेस ना? हा धडा कुणी बसवला?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. साधंच. शनिवारी बघायच्या तसं, हिला कळलं का म्हणून.

मी गुरुजींकडं बघितलं. म्हटलं, "गुरुजींनी."

बाईंच्या नावावर शेरा बसला, टाचण काढत नाहीत. उन्हाळा सरायच्या आत बदली. जतच्या पल्याड, कानडी मुलखात. गुरुजींच्या गळ्यात हार.

एस्टीत चढताना बाई मला एक अक्षर लावून बोलल्या न्हाईत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

एवढंच म्हणाल्या, "जांभया देत जा गं. गुरुजींना गरज पडेल."

गुरुजींनी मला परत कवाच धड्याला बसवलं न्हाई.

आणि आता वय झाल्यावर गुरुजी फोनवर त्या दगडांचे फोटो टाकतात, 'माझा किलोचा धडा'. खाली तीनशे माणसं वा वा करतात. मी बघते. आजवर तिथंबी गप्पच होते.

मला भीती होती, काम जाईल. खरंच गेलं असतं. पण म्हणून खोटं खरं होत न्हाई. त्या दिवशी धडा पास झाला होता बाई. शेवंता नापास झाली.

पद्माबाई, तुमचा धडा तुमच्या नावावर लावला. लय उशिरा लावला. माफी मागत न्हाई, मागून काय उपयोग. जावा सुखानं.

आता खाली हात जोडल्याली चित्रं नकोत. गावानं बोलायचं न्हाई. गुरुजींच्या लेकानं त्यांच्या नावानं लिहायचं न्हाई.

माझं मी सांगितलं. धडा कुणाचा होता, ते आता गुरुजींनी सांगायचं. स्वतःच्या बोटानं, बाईंचं नाव घालून.