रान्वेगच्या कागदावरची पहिली ओळ

उत्तरेकडच्या थंड बेटावरल्या स्तापावीक गावच्या पोहण्याच्या तलावावर, बायकांच्या न्हाणीघराच्या दारात, रान्वेग एकतीस वर्षं राखणीला उभी होती. पायात रबरी चपला, खांद्यावर टॉवेल, आणि नजर अशी की समोरची बाई खरंच न्हाली आहे की नुसती पाण्याखालून पळत आली आहे, हे तिच्या टाचांवरूनच कळावं.

तिथलं पाणी जमिनीतूनच ऊन येतं. त्यात जंतुनाशक टाकतात ते अगदी नावाला, कारण सहा महिन्यांच्या तान्ह्यापासून नव्वदीच्या म्हातारीपर्यंत सगळं गाव त्यातच डुंबत असतं. म्हणून आधी अंगावरचं सगळं उतरवायचं, साबण लावून न्हायचं, मग पोहण्याचे कपडे घालून पाण्यात उतरायचं. गावातल्या कुणाला हे सांगावं लागत नसे. सांगावं लागे ते पाहुण्यांना.

पाहुण्यांसाठी रान्वेगने एक कागद लिहून दाराला चिकटवला होता. गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडा, नाहीतर वारा ते उपटून नेईल. समुद्राकडे पाठ करून फोटो काढत उभे राहू नका. शेवाळावर पाय देऊ नका, ते तुमच्या पणजीहून म्हातारं आहे. मेंढी दिसली म्हणून रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवू नका. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, नळाचं प्या. गरम नळाला सडक्या अंड्यासारखा वास येतो, त्याने कुणी मेलेलं नाही. आणि या सगळ्याच्या वर, पहिल्या ओळीत, ठसठशीत अक्षरांत: साबण, उघड्या अंगाने. सगळ्यांनी.

त्या उन्हाळ्यात बंदरावर पहिल्यांदाच मोठं प्रवासी जहाज येणार होतं. गावचा प्रमुख स्टेइन्थोर याने पाहुण्यांसाठी राजधानीतून एक रंगीत पुस्तिका छापून आणली. रान्वेगने ती उभ्या-उभ्या वाचली. वारा होता, शेवाळ होतं, मेंढ्याही होत्या. फक्त पहिली ओळ नव्हती. तिच्या जागी लिहिलं होतं, की कपड्यांसह अंगावर पाणी घेतलं तरी चालेल.

स्टेइन्थोरने तिला पुष्कळ समजावलं. परक्या देशांतल्या बायका लाजतात, परत जाऊन वाईट लिहितात, जहाज दुसऱ्या गावाला गेलं तर इथल्या खानावळवाल्यांनी काय करायचं. एकच दिवस तिने भिंतीकडे तोंड करून उभं राहावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

"भिंत मी पाहिलेली आहे," रान्वेग म्हणाली. "एकतीस वर्षं."

"रान्वेग, मी विनंती करतोय."

"आणि त्या पाण्यात आपल्या थोराआजीची सहा महिन्यांची नात असते. तिला विनंती केलीस का?"

तो चिडून म्हणाला, की मग तिच्या जागी दुसरं कुणीतरी उभं राहील. तिने मान हलवली, आणि कागदाची सुटलेली कड अंगठ्याने पुन्हा दाबून बसवली.

जहाज आलं. चाळीसेक बायका पोहण्याचे कपडे घालूनच न्हाणीघरात शिरल्या. रान्वेग तलावाच्या दारात साबणाची बाटली घेऊन उभी राहिली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत एकेकीला परत वळवू लागली. कुणी हसल्या, कुणी रागावल्या. पन्नाशीची एक बाई मात्र छातीशी टॉवेल घट्ट धरून कोपऱ्यात उभी राहिली. शस्त्रक्रिया झाली आहे, ती हळूच म्हणाली, कुणी पाहिलेलं आवडत नाही. रान्वेगने तिला पडद्याच्या खणात नेलं, पडदा ओढला आणि बाहेर पाठ करून उभी राहिली. साबण मात्र पडद्याखालून आत सरकवला.

तेवढ्यात स्टेइन्थोर धावत आला आणि दाराशी अडखळला. बायकांचं न्हाणीघर, आत यायची सोय नाही. बाहेरूनच तो ओरडू लागला, की हे ताबडतोब थांबव, मी हुकूम देतोय.

आतून, शॉवरखालून, त्याची बहात्तर वर्षांची आई बोलली. "कोण ओरडतंय? स्टेइन्थोर का?"

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"मी मध्ये नाही, नळाखाली आहे. लहानपणी याच न्हाणीत रान्वेगने तुझे कान घासलेत. तेव्हाही असाच ओरडायचास."

न्हाणीतल्या गावच्या बायका खळखळून हसल्या. भाषा न कळता पाहुण्यांतल्या काहीजणीही हसल्या आणि त्यांनी कपडे उतरवले. सतराजणी न्हाऊन पाण्यात गेल्या, त्यांत पडद्यामागची ती बाईही होती. बाकीच्या तणतणत जहाजावर परतल्या.

आठवड्याने पत्र आलं. रान्वेगची नोकरी संपली होती. एरवीही तीन वर्षांनी ती निवृत्त होणारच होती, पण हे तसं नव्हतं, आणि ते तिला लागलं. एक दिवस ती घराबाहेर पडली नाही. शेजारणीने आणून दिलेलं माशाचं कालवण तसंच निवून गेलं.

तिच्या जागी सिग्नी नावाची तरुण मुलगी आली. तिला भिंतीकडे पाहायला सांगितलं होतं, आणि ती बिचारी पाहतही होती. दारावर आता रंगीत पुस्तिका टांगली होती.

सिग्नी आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला रान्वेगने तिकिटाच्या खिडकीवर जाऊन वर्षभराचा पास काढला. आत गेली, सगळे कपडे उतरवले आणि तलावाच्या दाराशेजारच्या पहिल्या शॉवरखाली उभी राहिली. नऊ वाजता दोन पाहुण्या कपड्यांसह आल्या. तिने पाणी बंद केलं, सदुसष्ट वर्षांच्या त्या ओल्या, सुरकुतलेल्या, मुळीच न लाजणाऱ्या देहाने वाट अडवली आणि साबण पुढे केला. त्यांनी तो घेतला.

स्टेइन्थोरला कळायला दुपारही व्हावी लागली नाही. त्याने सिग्नीला फोन केला, तो रान्वेगला द्यायला लावला आणि विचारलं, की हे काय चालवलं आहेस.

"अंघोळ," रान्वेग म्हणाली. "नोकरीवरून काढलंस, ठीक. अंघोळीवरून काढायचा नियम आहे का तुझ्याकडे?"

नियम नव्हता. तिने फोन सिग्नीच्या हातात परत दिला आणि पुन्हा नळ सोडला, कारण दारात तिसरी बाई येऊन उभी होती आणि तिच्या टाचा कोरड्या होत्या.