औषध पडलेला ड्रम

सेनगाव रोडवरच्या आमच्या गावात ट्रॅक्टर बरेच आहेत आणि मोटारसायकली मोजण्यापलीकडं. त्यांचं ऑईल बदललं की निघालेलं काळं ऑईल जातं कुठं, हा प्रश्न गावाला कधी पडला नव्हता. कुणी ते नाल्यात ओतायचं. कुणी कुंपणाच्या लाकडांना वाळवी लागू नये म्हणून फासायचं. स्लॅब टाकणारे फळ्यांना लावायला मागून न्यायचे. मग कळलं, की एक कंपनी असलं ऑईल गोळा करते आणि शुद्ध करून पुन्हा वापरात आणते. ग्रामपंचायतीनं चावडीमागं एक लोखंडी ड्रम ठेवला. त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार, असं सभेत विचारल्यावर सगळे पुरुष गप्प बसले, म्हणून ड्रम आमच्या महिला बचत गटाकडं आला. गटाची अध्यक्ष मी होते.

कंपनीच्या माणसानं आम्हा बायकांना बसवून समजावलं. ड्रममध्ये फक्त इंजिनचं ऑईल पडलं पाहिजे. पाणी नको, पेट्रोल नको, रंगाचं थिनर नको, आणि फवारणीचं औषध तर मुळीच नको. एवढंसं जरी भलतं पडलं तरी अख्खा ड्रम नासतो, आणि तो तसाच भट्टीत गेला तर विषारी धूर होतो. आम्ही माना हलवल्या. जाताना तो एक पाटी देऊन गेला. वरच्या ओळीत लिहिलं होतं, 'विषारी पदार्थ मातीत, नाल्यात, विहिरीत टाकू नका.' खालच्या ओळीत, 'काळं ऑईल इथे टाका.' पाटी आम्ही ड्रमच्या वर भिंतीला ठोकली.

सोयाबीन निघेपर्यंत ड्रम भरत आला. वारंगा फाट्याकडून गाडी आली, तेव्हा ती बघायला निम्मं गाव जमलं. ड्रायव्हरनं लहानशा गॅसच्या शेगडीवर तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवली, ऑईलात बुडवली आणि पुन्हा जाळावर धरली. जाळ हिरवा झाला. लोकांना तो फार आवडला. ड्रायव्हरनं झाकण लावलं आणि मला सांगितलं की हा ड्रम तो नेणार नाही, जाळ हिरवा म्हणजे यात कुणीतरी औषध टाकलंय. मग करायचं काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, ओतू नका, वापरू नका, हात लावू नका. एवढं सांगून तो पुढच्या गावाला गेला.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर सगळे बसले. कुणी काय टाकलं ते विचारायची पाळी माझ्यावर आली. पारावर माझे सासरे बसलेले होते, म्हणून डोक्यावरचा पदर सारखा करून, खाली बघत मी विचारलं. सासरे उभे राहिले.

"म्या टाकलं," ते म्हणाले. "शेतातल्या आखाड्यावर औषधाच्या जुन्या बाटल्या पडून होत्या. पाटीवर लिव्हलं हाये, विषारी मातीत टाकू नका, नाल्यात टाकू नका, इथं टाका. म्या बराबर वाचलं."

सगळ्यांनी मागं वळून चावडीकडं पाहिलं. सासऱ्यांचं चुकलं असं कुणालाच म्हणता येईना. माझे सासरे म्हणजे शेतातल्या विहिरीजवळ बिडीचं थोटूकसुद्धा पडू न देणारा माणूस. त्या बाटल्या त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवल्या होत्या, त्या कुठं टाकाव्यात ते कुणी सांगितलं नाही म्हणून. पहिल्यांदा कुणीतरी सांगितलंय असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी ते ऐकलं.

मला लाज वाटली, पण ती नेमकी कशाची ते कळेना. घरात ते माझ्याशी थेट बोलत नसत. जे सांगायचं ते सासूबाईंना सांगत, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. त्या रात्री त्यांनी सासूबाईंनाही काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी झाकण तारेनं आवळून बांधलं आणि देवळाच्या भोंग्यावरून पुकारायला लावलं, की ड्रममध्ये फवारणीचं औषध पडलेलं आहे, कुणी हात लावू नये. आता, आमच्याकडं विषाला औषधच म्हणतात. कापसाला औषध, तुरीला औषध, लेकराच्या तापालाही औषध. पुकारताना ते कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

आमच्या शेजाऱ्याच्या म्हशीला गोचीड झाले होते. गोचिडावर काळं ऑईल चोळायची रीत जुनी आहे. त्यात आता औषधही पडलंय, असं त्यानं भोंग्यावर ऐकलं. दोन्ही एका जागी मिळून राहिलंय, असा त्यानं विचार केला, तार सोडली, तांब्याभर ऑईल नेलं आणि म्हशीला शिंगापासून शेपटीपर्यंत चोळलं.

दुपारी त्याच्या बायकोनं भिंतीवरून मला हाक मारली. म्हैस थरथर कापत होती, तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, मागचे पाय टिकत नव्हते. मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, मी निघालो, तोवर साबणानं धुवून काढा, उघडा हात लावू नका. मी हातांना कॅरीबॅगा बांधल्या आणि कपड्याच्या पावडरचा पुडा फोडला. मागं वळून बघते तर सासरे, पायात वहाण नाही, हातात बादली.

"पोरी, तू मानेकडून घे," ते म्हणाले. "पोटाखाली मी बघतो."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती. असं समोरासमोर त्यांनी मला पहिल्यांदाच काही सांगितलं. मी त्यांच्याही हातांना कॅरीबॅगा बांधल्या. शेजारी पाणी आणून देत होता आणि सारखं विचारत होता, त्यात औषध होतं ना? सासरे धूत राहिले. शेवटी म्हणाले, "व्हय. विषाचं औषध होतं. म्याच टाकलं होतं." शेजारी पुढची बादली आणायला गेला.

धुतलेलं काळं पाणी उताराला लागलं होतं. मी म्हटलं, "मामा, पाणी नाल्याकडं चाललंय." सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात. त्यांनी फावडं घेऊन मातीचा बांध घातला आणि पुन्हा म्हशीखाली शिरले. त्यांच्या धोतराचे काळे डाग नंतर कशानंच निघाले नाहीत.

डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. अंधार पडायच्या आत म्हैस उभी राहिली. डॉक्टर बजावून गेले, की मी सांगेपर्यंत दूध कुणी प्यायचं नाही, तिच्या वगारालाही पाजायचं नाही. सकाळी शेजारी दुधाची बादली घेऊन माझ्या दारात आला.

"वैनी, हे ड्रमात टाकू का?"

तो चेष्टा करत नव्हता. मीही हसले नाही. विहिरीपासून लांब, त्याच्याच पडीत जागेत आम्ही खड्डा खणला.

नवी पाटी रंगवायच्या आधी सासऱ्यांनी मला तिचा कागदावरचा मजकूर वाचून दाखवायला लावला. मी एकेक ओळ वाचायची आणि त्यांनी तिचा किती तऱ्हांनी उलटा अर्थ निघतो ते सांगायचं. 'तेल' शब्द काढला, कारण तळणीचं उरलेलं आलं असतं. 'औषध' काढून 'विष' केलं. रंगवणारा म्हणाला, विष लिहिलेलं बरं दिसत नाही. सासरे म्हणाले, बरं दिसायसाठी न्हाईच ते. 'यातलं काही नेऊ नका' ही ओळ शेजाऱ्यानं सुचवली.

नवा ड्रम आला, त्याला कुलूप लागलं. आता कुणी स्वतः ओतत नाही. आमच्यातली एक बाई ऑईल हातात घेते, आधी कशात होतं ते विचारते, वेगळ्या डब्यात ठेवते. तार तापवून बघितल्यावरच ते ड्रमात जातं. विषाच्या कॅनमधून आणलेलं परत पाठवतो. तांड्यावरचा एक ट्रॅक्टरवाला फार चिडला होता. कॅन चांगला घासून आणलाय, काहून घेत न्हाई, म्हणून भांडला. तासाभरानं तेच ऑईल तो दुधाच्या बरणीत घालून घेऊन आला. ते ऑईलही घेता येत नाही आणि ही बरणी आता दुधाला चालणार नाही, हे त्याला सांगावं लागलं. त्यानं बरणीचं झाकण घट्ट लावलं. घरी काय सांगू, एवढंच त्यानं विचारलं.

पुढचा ड्रम ड्रायव्हरनं नेला. नासलेला मात्र चावडीमागंच राहिला. त्यासाठी वेगळी गाडी लागते, वेगळी परवानगी लागते. ती यायला पुढचा उन्हाळा उजाडला. हातमोजे आणि मास्क घातलेले दोघं उतरले. सासऱ्यांनी विचारलं, कुठं नेऊन राहिले. त्यासाठी लांब एक खास भट्टी आहे, तिथं जाळतात, असं त्यांनी सांगितलं. हे ऐकल्यावर माणसं एकेक करून घरी गेली आणि बाटल्या घेऊन परत आली. माळ्यावरच्या, आखाड्यावरच्या, बंद पडलेल्या कंपन्यांच्या, लेबल उंदरांनी खाल्लेल्या. गावात एवढं विष जपून ठेवलेलं असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. गाडीवाल्यांकडं परवानगीचा कागद एका ड्रमचाच होता. ते ड्रम घेऊन गेले. बाटल्या राहिल्या.

त्या आता ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत, वाळूच्या घमेल्यांमध्ये उभ्या करून ठेवल्या आहेत. पुढची गाडी कधी येईल ते माहीत नाही. किल्ली माझ्याकडं असते. फवारणीचे दिवस आले की कुणी ना कुणी दारात येऊन म्हणतं, ताई, जरा खोली उघडा. मी आधी विचारते, ठेवायला आलात का न्यायला.