कोणी न खोदलेला खड्डा

बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला आणि आमची केरळची सहल रद्द झाली. नागपूरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, कडेची गेलेली नजर परत येत नाही, थेंब टाकून उरलेली जपायची. काही पाहायचं असेल तर लवकर पाहून घ्या. बाबांनी मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत उभं आयुष्य डंपर चालवला. परतताना मी विचारलं, काय पाहायचं? मला वाटलं, काशी नाहीतर फार तर काश्मीर म्हणतील. ते म्हणाले, "माणसानं केलेला खड्डा लय पाह्यला. जमिनीनं सोताच केलेला पाहाचा हाय मले."

म्हणून मी, बाबा आणि जन्मात समुद्र न पाहिलेली आई असे तिघं अझोर्सला निघालो. अटलांटिक महासागराच्या मधोमध असलेली ही पोर्तुगालची ज्वालामुखी बेटं. व्हिसा शेंगेनचा लागतो. बालाघाटहून तुमसरमार्गे टॅक्सीनं नागपूर, मग दिल्ली, फ्रँकफर्टला विमान बदलून लिस्बन आणि तिथून आणखी एक विमान. त्या शेवटच्या विमानात आईनं खिडकीला लावलेलं नाक काढलंच नाही. किती तरी वेळ खाली नुसतं पाणी, आणि अचानक त्यात हिरवागार डोंगर. "याले इथं काहून ठेवलं असन?" एवढंच ती म्हणाली.

साओ मिगेल बेटावर मुक्काम केला. बसगाड्या कमी, त्यामुळे गाडी भाड्यानं घेतलेली बरी. आम्ही चालकासह घेतली. पन्नाशीचा पाउलो, कामापुरतं इंग्रजी बोलणारा. पहिल्या दिवशी तो आम्हाला सेते सिदादेशच्या विवरावर घेऊन गेला. कठड्यापाशी जाऊन पाहिलं काय, तर पांढरं धुकं. दुसऱ्या दिवशीही तेच. (तिथले थेट कॅमेरे इंटरनेटवर असतात, ते पाहूनच हॉटेल सोडा. मला हे उशिरा कळलं.) मी मनात म्हणत होते, धुकं दाखवायला का आणलं यांना एवढ्या लांब?

तिसऱ्या दिवशी फुर्नासला गेलो. इथं चक्क गावात जमीन उकळते. गंधकाचा वास, वाफेचे लोट, आणि त्याच उकळत्या पाण्यात पोती बुडवून शिजवलेले भुट्टे विकायला. आमच्या विमानतळावरच्या चहापेक्षा स्वस्त, आणि चवीला झकास. जमिनीत भांडी पुरून शिजवलेलं जेवणही मिळतं. ते मांसाचं असतं. भाज्यांचं हवं असेल तर आधी सांगून ठेवा.

खाणीत सुरुंग उडवायच्या आधी भोंगा वाजतो, मग सगळे लांब सरकतात. आईची सगळी उमर तो भोंगा ऐकण्यात गेलेली. तिनं मला पाउलोला विचारायला लावलं, "हे फुटायच्या आधी भोंगा वाजते का?"

तो हसला नाही. म्हणाला, यंत्रं दिवसरात्र जमिनीला कान लावून असतात, पण वेळ कोणालाच सांगता येत नाही. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथंच झोपतो. आईनं चप्पल काढली आणि वाकून जमिनीला हात लावला. मीही लावला. जमीन गरम होती.

शेवटच्या दिवशी दुपारी विमान होतं. सकाळी कॅमेऱ्यात जराशी उघडीप दिसली, तशी पाउलोनं गाडी पळवली. पोचलो तर पुन्हा धुकं. आता निघावंच लागणार, असं मी बाबांना सांगणार तोच वारा सुटला आणि सगळं उघडं पडलं. अफाट वाटोळं विवर, तळाशी दोन तळी, एक निळं नि एक हिरवं, आणि काठावर पांढऱ्या घरांचं अख्खं गाव.

बाबांच्या उरलेल्या नजरेत ते एकदम मावणार नव्हतं. त्यांनी कठडा धरला आणि डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत हळूहळू मान फिरवली, मग पुन्हा उलटी. तुकड्यातुकड्यानं त्यांनी सगळा खड्डा गोळा केला.

"खदानीत लोक राहून राह्यले," ते म्हणाले. "गाई चारून राह्यले, पोरी."

त्यांचे डोळे वाहत होते. धुकं परत आलं तरी ते तिथून हलेनात.

जावं का? जावं. फक्त हाताशी चार दिवस जास्तीचे ठेवून जावं. आल्यावर पुन्हा तपासणी झाली. नजरेच्या कडा आणखी थोड्या आत आल्या आहेत. संध्याकाळी खाणीतले जुने सोबती आमच्या अंगणात येतात आणि विचारतात, केवढा होता खड्डा? बाबा दोन्ही हात पसरतात. मग आणखी पसरतात, खुर्चीच्या पार मागे जातील इतके. तिथवर गेलेले हात आता त्यांना स्वतःला दिसत नाहीत.

"एवढा," ते म्हणतात.