निवेदिकेचा चेहरा हिरवा गेला त्याविषयी

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी संध्याकाळच्या बातम्यांत यवतमाळच्या आमच्या केबल चॅनलवर नव्या निवेदिकेचा चेहरा हिरवा दिसला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत हिरवाच. मी त्या चॅनलचा तांत्रिक विभागप्रमुख होतो. विभागात मी एकटाच होतो.

तेव्हा घरोघरी जाड काचेचे, मागून फुगलेले टीव्ही होते. कंट्रोल रूममध्येही तसाच एक होता, त्याला आम्ही मॉनिटर म्हणायचो. चित्र लोकांकडे जाण्याआधी त्यावर पाहायचे आणि रंग ठीक करायचे, हे माझे काम.

निवेदिका कविता राठोड. घाटंजीकडच्या तांड्यावरची, यवतमाळला मामाकडे राहून बी.ए. झालेली. मालक रमेशभाऊंनी तिला आठवडाभराच्या चाचणीवर घेतले होते. नागपूरची एक अनुभवी मुलगी त्यांच्या मनात होती. कविताचे उच्चार नीट तपासता यावेत म्हणून त्यांनी कंट्रोल रूमसाठी दोन मोठे स्पीकरही आणले.

"ळ म्हनते का ल म्हनते, साफ आयकू आलं पाह्यजे," ते म्हणाले.

एक स्पीकर मॉनिटरच्या डाव्या अंगाला ठेवला. दुसरा टेबलावर मावेना, तो खिडकीत गेला.

तालमीत ळ साफ ऐकू आला. पण मॉनिटरवर कविताचा चेहरा जांभळा दिसत होता. पडद्यावर ती डावीकडे असायची आणि उजवीकडच्या चौकटीत बातमीची टेप चालायची. चौकटीतली पोळ्याची बैलजोडी अगदी व्यवस्थित होती. यावरून मी निष्कर्ष काढला की चौकट ठीक म्हणजे मॉनिटर ठीक. दोष निवेदिकेत आहे.

तिला पावडर बदलायला लावली. साडी बदलायला लावली. मग मामीची साडी मागवली. दिव्यांना पिवळा कागद लावला.

"सर, मी आरशात अशी नाही दिसत," कविता म्हणाली.

"आरशाची गोष्ट वेगळी, कॅमेऱ्याची वेगळी," मी म्हणालो. हे वाक्य मला तेव्हा बरे वाटले होते.

शेवटी मी व्हाइट बॅलन्सला हात घातला. पांढरे कशाला म्हणायचे हे कॅमेऱ्याला सांगण्याची ती सोय. मी जांभळा मरेपर्यंत हिरवा वाढवत नेला. मॉनिटरवर कविता माणसासारखी दिसू लागली. मी समाधानाने चहा मागवला आणि बातम्या सुरू झाल्या.

दुसऱ्या बातमीला पहिला फोन आला.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. सणासुदीला लोक मोठे स्पीकर विकत घेत, टीव्हीला चिकटवून ठेवत आणि चित्रात रंगीत डाग पडला की केबलवाल्याला शिव्या देत. स्पीकरच्या पाठीत लोहचुंबक असते. जुन्या टीव्हीत मागून इलेक्ट्रॉनचे झोत येऊन काचेवरचे लाल, हिरवे, निळे ठिपके पेटवत. चुंबक जवळ असले की झोत वाकतात आणि भलताच ठिपका पेटतो. लोकांना हे कळावे म्हणून मी पडद्याच्या तळाशी एक सरकती पट्टी सोडली होती: "टीव्हीपासून स्पीकर किमान दोन फूट दूर ठेवा. जनहितार्थ." मसुदा माझाच होता. त्या संध्याकाळी ती कविताच्या हिरव्या चेहऱ्याखालून सरकत होती.

फोन आर्णी रोडवरच्या एका काकांचा होता.

"पोरगी हिरवी काहून दिसून राह्यली?"

"टीव्हीजवळ स्पीकर आहे का?"

"टेपरेकॉर्डर हाये."

"दूर करा."

थोड्या वेळाने पुन्हा तेच. "केला. हिरवीच हाये."

"अजून दूर करा."

बाकीच्यांनाही मी हेच सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कविता आली ती आईला घेऊनच. आई आदल्या दिवशी खास लेकीला टीव्हीवर पाहायला तांड्यावरून आली होती.

"माह्या पोरीले काय केलं तुमी?" तिने विचारले. "तिचा मामा म्हने कावीळ असन. तवापासून उसाचा रस पाजून राह्यलो तिले."

"बाई, पोरगी हुशार हाये," रमेशभाऊ म्हणाले. "पन काही चेहरे कॅमेऱ्याले मानवत नाही. त्याले आपन काय करनार? नागपूरच्या पोरीले आजच फोन करतो मी."

"तुमी बसा तिथं. तुमाले मानवते का पाहू."

रमेशभाऊ गोरे होते आणि त्यांना ते ठाऊक होते. ते आत स्टुडिओत निवेदिकेच्या खुर्चीत जाऊन बसले. फोनांमुळे मी वाढवलेला हिरवा सकाळीच काढून टाकला होता. आई मॉनिटरपुढे उभी राहिली.

"याडी, कसे दिसते?" कविताने विचारले.

"वांगं," आई म्हणाली.

रमेशभाऊंनी आतून विचारले, "काय म्हनते?"

मी त्यांना उजवीकडे सरकायला सांगितले. सरकता सरकता ते मूळ रंगावर आले. डावीकडे मागचा पडदा मात्र जांभळाच राहिला. मग मी चौकटीतली टेप मॉनिटरभर लावली. उजवा बैल पांढरा, डावा जांभळा. म्हणजे दोष कविताचा नव्हता, कॅमेऱ्याचाही नव्हता. मॉनिटरचा होता.

"ट्यूब गेली," मी जाहीर केले. "नवी टाकावी लागेल."

कविता संध्याकाळच्या बातम्यांसाठी आवाज मोकळा करत होती. समोर दिसेल ते वाचायची तिला सवय होती. मॉनिटरच्या तळाशी माझी पट्टी सरकत होती.

"टीव्हीपासून स्पीकर किमान दोन फूट दूर ठेवा. जनहितार्थ." ती थांबली. मॉनिटर आणि स्पीकर यांच्यामध्ये एक वीतही जागा नव्हती. "सर, हे आपल्याले पन लागू हाये का?"

मी स्पीकर खिडकीत नेला. डाग फिकट झाला, पण गेला नाही. जवळ राहिलेल्या चुंबकाने काचेमागची लोखंडी जाळी भारून जाते. टीव्ही सुरू करताना धुम्म असा आवाज येई, तो त्या जाळीतले चुंबकत्व उतरवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा. ते गार झाल्याशिवाय पुन्हा काम करत नाही. म्हणून मॉनिटर बंद ठेवायचा, थांबायचे, पुन्हा सुरू करायचा, असे तीनदा केले. बैल पांढरा झाला.

"पन खिडकीतून मले ळ कसा आयकू येईन?" रमेशभाऊ म्हणाले. "त्या चुंबकाले डबा घाल एखादा."

मी माझा जेवणाचा स्टीलचा डबा रिकामा करून स्पीकर परत आणला आणि पाठीवर डबा धरला. बैल पुन्हा जांभळा. ज्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, ते चुंबकाला अडवतही नाही. हेही मला माहीत होते. टीव्हीजवळ ठेवण्याचे वेगळे स्पीकर मिळतात. त्यांत मागे उलट्या तोंडाचे दुसरे चुंबक आणि वर लोखंडी टोपण असते. आमचे तसले नव्हते. स्पीकर कायमचा खिडकीत गेला. वांग्याची भाजी मी झाकणात घेऊन खाल्ली.

त्या संध्याकाळी कविताने मामीची नव्हे, स्वतःची साडी नेसून बातम्या वाचल्या. रमेशभाऊंनी नागपूरला फोन केला नाही. चॅनल बंद होईपर्यंत बातम्या तीच वाचत होती.

बातम्या संपल्यावर एकच फोन आला. आर्णी रोडवरचे काका होते.

"आज पोरगी बराबर दिसली," ते म्हणाले. "टेपरेकॉर्डर शेजाऱ्याकडं नेऊन ठेवला म्या. वापस आनू का?"

आणा, असे मी सांगितले.