मेहुण्याची बरणी

लेबलवाल्याला आपला मेहुणा कधी नीट कळलाच नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं. बायकोचा धाकटा भाऊ, संग्रहालयातल्या बरणीबंद माशांच्या खोलीत एकतीस वर्षं शेजारचं टेबल; पण त्याला भीती कशाची वाटायची, हे विचाराल तर सांगता येणार नाही. हेवा करणाऱ्याला माणूस दिसत नाही, त्याचं नशीब तेवढं दिसतं.

लेबलवाला नियमाचा पक्का. मासा आधी फॉर्मालिनमध्ये, मग स्पिरिटात, लेबल पेन्सिलीने. मेहुण्याच्या हातांना फॉर्मालिनने खाज सुटायची, म्हणून तो गुपचूप मासे थेट स्पिरिटात टाकायचा. ते लिबलिबीत व्हायचे. वर लेबल बॉलपेनने.

"अरे, स्पिरिटात शाई उडेल!"

"उडू दे, भाऊजी. मासे तर उडत नाहीत ना!"

अख्खी खोली हसायची. घरी बायकोही त्याचेच विनोद सांगायची.

दोघं निवृत्त झाल्यावर एकदा संशोधक बाईंचं बोलावणं आलं. मेहुण्याने अंथरूण धरलेलं, म्हणून लेबलवाला एकटाच गेला. डोंगरातल्या एका डोहात थोडे मासे उरले होते. ते मूळचे, की कोणी बाहेरून आणून सोडलेले? तिथल्याच जुन्या माशाच्या डीएनएशी जुळले, तरच डोहाला संरक्षण मिळणार होतं.

"तुमच्या बरण्यांतून काही निघालं नाही, काका. फॉर्मालिनने डीएनएचा भुगा होतो. ही एक बरणी जुळली, पण लेबल कोरं! मासा कुठला तेच ठाऊक नसेल, तर उपयोग काय?"

चेंगरलेली शेपटी बघताच लेबलवाल्याने मासा ओळखला. त्याच डोहात मेहुणा घसरून पडला होता, आणि उठताना हा त्याच्या बुटाखाली सापडला होता. पडण्यातही फायदा!

लेबलवाल्याच्या पोटात दुखलं. नियम पाळले आपण, आणि कामाला आला वेंधळेपणा. गप्प बसलं तर कोणाला कळणार होतं?

त्याने पेन्सिल मागितली. डोह लिहिला, साल लिहिलं. 'पकडणारा' या शब्दापुढे मात्र हात अडला. बरोबर तर आपणही होतो. शेवटी मेहुण्याचंच नाव लिहिलं, जरा बारीक अक्षरात.

आठवड्याने मेहुणा गेला. शेवटचं बोलणं झालं ते लेबल लिहिलं त्याच संध्याकाळी, फोनवर. सगळं ऐकून तो हसला, मग खोकला.

"झाकण घट्ट लावलंत ना, भाऊजी? स्पिरिट उडतं."

"लावलं रे. तू औषध घे."

"घेतो."