तीन पेद्रू आणि इनासमामा

वडिलांचे कार्ड बेळगावला कॉलेजच्या पत्त्यावर आले. दोनच ओळी होत्या. इनासमामा गेले, मातीही झाली. वाचून रडू आले नाही, आधी भीती वाटली. हे लिहायला संकोच वाटतो, पण खरे तेच आहे...

इनासमामा कट्टा गावाजवळच्या आमच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, चाळीस वर्षे घंटा वाजवत. तिथले पहिले दिवस त्यांनाच ठाऊक होते: माडाच्या झावळ्यांचा मांडव, महिन्यातून एकदा चालत येणारे पाद्री, आणि मांडवामागे पुरलेली पहिली माणसे. थडग्यांवर नुसते चिरे होते. वाडीत लिहिता येणारे तेव्हा कोणी नव्हते. बहुतेकांच्या घरच्यांना आपापला चिरा ठाऊक होता. प्रश्न तीन पेद्रूंचा होता. तिघेही एकाच साथीत गेले, घाईघाईने पुरले गेले. आता इगर्ज मागे वाढवायची होती आणि हाडे नव्या जागी न्यायची होती. कोण कुठे आहे ते लिहून घ्यायचे काम पाद्रींनी मला दिले, कारण वाडीतून कॉलेजात गेलेला मी पहिलाच.

मे महिन्याच्या सुट्टीत मी मामांच्या पडवीत बसे. त्यांना दम लागे, चिऱ्यांपर्यंत चालवत नसे. पडवीतून चिरे दिसत; बसल्या जागी बोटाने दाखवत ते सांगत, "हो होडयेवालो पेद्रू. हो तळ्याकडचो. आणि हो तोतरो." मी नकाशा काढत होतो. तिथे घुटमळलो. मेलेल्या माणसाला तोतरा कसे लिहायचे? तसे म्हणालो, तर हसताना त्यांना खोकला आला.

"तू कॉलेजात गेलंस म्हणान मेललो पेद्रू गोड बोलाक लागतलो काय रे? लिही!"

"लिहिले," म्हणालो. घरी पक्की प्रत करताना मात्र टोपणनावे गाळली आणि नावे वर्णानुक्रमे लावली. कॉलेजातल्या याद्या तशाच असतात... तीन पेद्रू एकाखाली एक, सुरेख अक्षरात. नकाशासकट कच्चे कागद आईने चुलीत घातले. कोणता पेद्रू कुठे ते आता कागदावर नाही, हे बेळगावला पोचल्यावर लक्षात आले. पत्र लिहायची लाज वाटली. दिवाळीत विचारू म्हटले. दिवाळीआधी कार्ड आले.

हाडे काढायच्या दिवशी मी तिन्ही घरच्यांसमोर सगळे सांगितले. तोतऱ्या पेद्रूचा नातू बस्त्यांव माझ्याकडे बघत राहिला.

"म्हणजे आमचो आजो खंय आसा, ह्या आता कोणाकच म्हायत नाय?"

मामांच्या पत्नी सेसीलमामी हळूच म्हणाल्या, "तेंकाच म्हायत हुता, बाबा." मग होडीवाल्यांचा म्हातारा म्हणाला, "तिगांकय एकत्र ठेवा. एका पावसात गेले, एका मांडवात वाढले. थंय काय भांडूचे नाय."

नव्या चिऱ्यावर नावे रंगवायचे काम मीच मागून घेतले. तिसऱ्या नावाशी हात थांबला. बस्त्यांवला विचारले, काय लिहू?

"तोतरोच लिही," तो म्हणाला. "नायतर आजो आमका वळखूचो नाय."

आता सुट्टीला आलो की मी सेसीलमामींकडे जातो. मामांची जागा त्या रोज सारवतात, तिथे कोणाला बसू देत नाहीत. मला मात्र म्हणतात, "बस, आणि इचार. माका आठवता तितक्या सांगतंय." मी ऐकतो तसेच लिहितो आणि वाचून दाखवल्याशिवाय उठत नाही. तरी पायरी उतरताना वाटते, काहीतरी विचारायचे राहिले... मग मागे वळतो. मामी अजून दारातच असतात.