पाण्यातली चाल

“भाऊ, पुढं जाऊ नोको. तिथंच उभा राय.”

टीव्ही गेमच्या दुकानात येऊन असं सांगणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. परतवाड्याला बसस्टँडमागे माझं दुकान होतं. बाकीची दुनिया तिथं पुढं जायला यायची. हे मात्र माझ्या खुर्चीमागे उभे राहून, डोळे मिटून, बोटं हवेत हलवत नुसतं ऐकायचे. एका बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. सारे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणे.

त्या वर्षांत कापसानं सगळ्यांचं कंबरडं मोडलं होतं. लग्नं दोन हारांत आटपायची, बँड कोण लावणार? त्यामुळे ऐन लग्नसराईत चाचांची दुपार माझ्या दुकानात जायची. लाल कोट घरी खुंटीला, अंगात बनियन आणि लुंगी.

त्यांना एकच चाल हवी असे. गेममधला गडी पाण्यात उतरतो, तिथं वाजते ती. संथ, हेलकावे खाणारी. मुलगी लहान असताना त्यांच्या घरात जुना टीव्ही गेम होता. ती दर वेळी त्या पाण्यातच मरायची, म्हणून घरभर तीच चाल. पुढे टीव्ही विकावा लागला, तरी पोरगी भांडी घासताना ती गुणगुणायची. “टीव्ही गेला भाऊ, चाल नाई गेली,” चाचा म्हणायचे.

आता तिचा निकाह ठरला होता, मुलगा अकोल्याचा. रुखसतीला, म्हणजे पोरगी सासरी निघताना, तीच चाल वाजवायची असं त्यांनी मनात धरलं होतं. अडचण एकच.

“संपते कुठी ते सांग ना मले.”

मी गडी दगडावर उभा केला. चाल वाजली आणि फिरून पहिल्यापासून सुरू झाली.

“हे तं पुन्हा लागलं.”

“चाचा, ते तशीच हाय. गोल फिरते.”

“अरे, अशी कोणती चाल राहते का? मास्तरनं हात वर केला का थांबा लागते. शेवट असंनच. तूच पोचला नाई अजून तिथलोक.”

हे मला झोंबलं. अख्ख्या परतवाड्यात माझ्यासारखा खेळणारा नव्हता. गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून मी तो टप्पा पार केला. पार होताच चाल मध्येच तुटली आणि दुसरंच काहीतरी टँटँटँ वाजलं. मी ऐटीत मागं पाहिलं.

“हे तिचं नाई,” चाचा शांतपणे म्हणाले. “दुसऱ्याचं आनून जोडलं.”

महिनाभर असंच चाललं. मी चिडायचो, ते चहा सांगायचे. शेवटी मी म्हटलं, “तुमीच लावा ना एखादा शेवट. जिंदगी गेली वाजवण्यात.”

“लावला असता. पन पोरीले समजंल ना, बाप खोटं वाजवून राहिला.”

निकाहाला मी गेलो. रुखसतीच्या वेळी चाचांनी लाल कोट चढवला. मुलगी जीपमध्ये बसली आणि त्यांनी चाल धरली. वऱ्हाडातल्या कोणाला काही कळलं नाही. तिनं मात्र खिडकीतून मान बाहेर काढली आणि रडता रडता हसली. एक फेरा झाला, दुसरा झाला. जीप हलली. आता संपलं म्हणून ढोलवाल्यानं काड्या काखेत मारल्या. पण चाचा थांबले नाहीत. थांबायला त्या चालीत जागाच नव्हती. वाजवत वाजवत ते जीपमागे चालू लागले. जीप अंजनगावच्या रस्त्याला लागली, धुळीत दिसेनाशी झाली, तरी चाल आपली पुन्हा पहिल्यापासून. मला ते पाहवेना. डोळे पुसत मी मागे फिरलो.

त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. बँड मोडला. ते भावाकडे बुऱ्हाणपूरला गेले म्हणे, आणि तिकडेच वारले.

हल्ली मोबाइलवर ती चाल तासन्‌तास मिळते. लोक झोप यावी म्हणून लावतात. मीही लावतो, पण मला झोप येत नाही. फार आठवण येते त्यांची. त्या दिवशी वाजवत ते किती दूर गेले, कोणत्या सुरावर त्यांनी क्लॅरोनेट खाली केलं, तेवढं पाहायला मी थांबायला हवं होतं.